एकाच ई-मेलवर सगळं येतंय, अलायस काढून फरक पडतो का? ड्रॉइंगचं रिव्हिजन 'बी' बघितलंच नाही, ४० नग गेले

उद्यमनगरचा_लेथवाला

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे पण मागचं सांगितल्याशिवाय कळणार नाही, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात मशीनशॉप आहे. वडिलांनी दोन लेथवर चालू केलेलं, आता दोन सीएनसी आणि एक व्हीएमसी आहे, सगळी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं. फौंड्रीतनं कास्टिंग येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. ई-मेल एकच, दुकानाच्या नावानं जीमेलवर, २०११ ला काढलेला, आणि तेव्हापासून जिथं कुणी ई-मेल विचारला तिथं हाच दिला. कस्टमरची ड्रॉइंग यावर, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) यावर, जीएसटी यावर, बँकेचं स्टेटमेंट, पोराच्या शाळेचं सर्क्युलर, लाइटबिल, बायकोनं मागवलेल्या कुकरच्या शिट्टीची डिलिव्हरी, इन्सर्ट आणि ड्रिलवाल्यांच्या ऑफरी, आणि एकदा पुण्याला प्रदर्शनात लकी ड्रॉच्या डब्यात व्हिजिटिंग कार्ड टाकलेलं त्या डब्यातनं उगवलेले पंधरा-वीस जण, जे आजही रोज 'डिअर सर' करत येतात. ड्रॉ कुणाला लागला देव जाणे. न वाचलेले मेल १८,४०० च्या वर आहेत. तो आकडा बघायची सवय झाली, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ असतं ना तसं, दिसतं पण बघत कोण नाही.

गेल्या महिन्यात झटका बसला. एका कस्टमरचा फ्लँज (जोडकामाची भोकाभोकाची चकती) आमच्याकडं नेहमी येतो. बोअर, म्हणजे मधलं भोक, ५२ होता तो त्यांनी ५० केला, ड्रॉइंगचं रिव्हिजन 'बी', मेल सकाळी ११ वाजून ४ मिनिटांनी आलेला. त्याच्या वर एक ऑफर, खाली दोन ऑफरी, मधी हा. मी बघितलाच नाही. ऑपरेटरकडं रिव्हिजन ए ची प्रिंट चिकटपट्टीनं मशीनला लावलेली, त्यावर कूलंटचे डाग पडून पिवळी झालेली, त्यानं त्याच्यावर बघून काम चोख केलं. ४० नग. ५० चा बोअर ५२ करता येतो, ५२ चा ५० कसा करणार, काढलेलं मटेरियल परत कोण बसवणार. कास्टिंगच्या किमतीसकट डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे पैसे आमच्याकडनं वसूल. त्यांची चूक नाही, त्यांनी पाठवलं होतं, मीच बघितलं नाही.

आता भाचा म्हणतोय मामा अलायस काढ, सगळं आपोआप वेगळं होतंय. मला कळत नाही ते असं की अलायस म्हणजे नवीन आयडी का? पासवर्ड वेगळा असतो का? २०-२५ कस्टमर आहेत त्यांना सगळ्यांना नवीन पत्ता कळवायचा का? आणि वडील म्हणतात ई-मेल अजिबात बदलायचा नाही, दुकानाच्या पाटीवर रंगवलाय. पेंटरचे पैसे कुणी द्यायचे हा त्यांचा मुद्दा. कुणी वापरत असेल तर सरळ भाषेत सांगा.

रंकाळा_कट्टा

४० नग… पोटात गोळा आला वाचून. मला अलायस-बिलायस कळत नाही भावा, पण ते १८,४०० आधी सिलेक्ट ऑल मारून उडव की, डोकं तरी हलकं होईल.

बिंदूचौक_नेटवर्क

उडवू नकोस. त्यात कुणाचातरी पीओ असतोय आणि दोन वर्षांनी भांडणात नेमका तोच लागतोय. तो आकडा टोचत असेल तर सगळे 'मार्क अ‍ॅज रीड' कर, विषय कट.

आता अलायस. नवीन आयडी नाही, नवीन पेटी नाही, पासवर्ड तोच. एका घराला दोन नावांच्या पाट्या, पत्र कुठल्याही नावानं आलं तरी पडतंय त्याच पेटीत. आणि जीमेलमध्ये ही दुसरी पाटी लावायला काही करावंच लागत नाही. तुझ्या पत्त्यात अ‍ॅटच्या आधी अधिकचं चिन्ह टाकायचं आणि त्याच्यापुढं पाहिजे तो शब्द. पत्ता अक्षरात लिहितोय, नाहीतर इथनं उचलून कोणतरी त्यावर स्पॅम मारत बसायचा: आमचंनाव प्लस ड्रॉइंग अ‍ॅट जीमेल डॉट कॉम. आमचंनाव प्लस शाळा, आमचंनाव प्लस ऑफर, काय वाट्टेल ते. नोंदणी नाही, परवानगी नाही. आत्ता मोबाइलवरनं स्वतःलाच एक टाकून बघ, येणार.

कसं येतं विचारशील तर अ‍ॅटच्या उजवीकडचं सगळ्या जगाला वाचावं लागतं, मेल कुणाच्या सर्व्हरला न्यायचा ते त्यावरून ठरतं. डावीकडचं काय ते फक्त त्या सर्व्हरनं बघायचं. पोस्टमनला उद्यमनगर आणि दुकानाचं नाव सापडलं की त्याचं काम झालं, पाकिटावर 'मागच्या दारानं द्या' असं लिहिलं असेल तर ते घरातल्यांनी बघायचं. याला सबअ‍ॅड्रेसिंग म्हणतात, २००८ च्या आरएफसी ५२३३ मध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नियमांच्या कागदात, ते आहे, म्हणजे गूगलची एकट्याची करामत नाही. आउटलुक डॉट कॉमवरही चालतं. जीमेल तर पत्त्यातले ठिपकेसुद्धा धरत नाही, नावात कुठंही ठिपका टाकला तरी तुझ्याकडंच येणार, पण कुणाला कुठं ठिपका देऊन पत्ता दिला हे लक्षात कोण ठेवणार, त्यापेक्षा प्लस बरा.

पण भाच्याला सांग, आपोआप काही होत नाही. पाटी लावली म्हणून पत्रं स्वतः उठून कप्प्यात जाऊन बसत नाहीत. ते काम फिल्टरचं. कॉम्प्युटरवर बस, मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही. वरच्या सर्चच्या पट्टीच्या उजव्या टोकाला रेघांचं चिन्ह आहे ते दाब, 'टू' च्या रकान्यात प्लसवाला पूर्ण पत्ता टाक, 'क्रिएट फिल्टर' म्हण. मग चौकोनांची यादी येते. त्यात 'अप्लाय द लेबल' वर टिक करून 'ड्रॉइंग' नावाचं लेबल बनव आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' वर पण टिक कर, हे विसरू नको. जुने मेल पण त्या लेबलाखाली यावेत असं वाटत असेल तर सगळ्यात खालच्या चौकोनात टिक.

कुणी बीसीसीमध्ये (बाकीच्यांना न दिसणारी कॉपी) तुझा पत्ता टाकून पाठवला तर 'टू' मध्ये तो नसतोय, मग फिल्टर आंधळा. तसं होत असेल तर शब्दांच्या रकान्यात डिलिव्हर्डटू लिहून कोलन द्यायचा आणि पुढं पत्ता. रोजच्याला एवढं लागत नाही.

राजारामपुरी_११वी_गल्ली

वरचं सगळं बरोबर आहे पण प्लसचं कौतुक ऐकून मी पण दोन वर्षांपूर्वी उत्साहात सगळीकडं प्लस लावत सुटलेलो त्याची गंमत सांगतो.

एक तर बऱ्याच साइटींना प्लस म्हणजे ई-मेलमध्ये चालणारं चिन्हच वाटत नाही. 'इनव्हॅलिड ई-मेल' म्हणून लाल अक्षरात ओरडतात. त्याहून वाईट म्हणजे ज्या घेताना घेतात आणि नंतर घेत नाहीत. एका ऑनलाइन दुकानात प्लस लावून खातं काढलं, तीन ऑर्डरी झाल्या, मग त्यांनी लॉगिनचं पान नवीन केलं आणि त्या पानाला प्लस चालेना. खातं माझं, पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, आत सोडत नाही. कस्टमर केअरला फोन केला तर बाई म्हणते सर तुमच्या ई-मेलमध्ये प्लस कसा काय, चुकून पडला असेल. मी म्हटलं चुकून नाही हो, मुद्दाम टाकलाय. ती गप्प, मी गप्प. परताव्याचे ६०० रुपये अजून त्या खात्यात पडून आहेत.

दुसरं, प्लसनं तुझा पत्ता लपत नाही. अधिकपासनं पुढचं खोडलं की खरा पत्ता समोर. ज्याला पत्ते विकायचेत त्याला एवढं कळतंय. कुणी विकला हे कधीकधी प्लसच्या शब्दावरून सापडतं हे खरं, मला एका जिमचं सापडलं, प्लस जिम लावून दिलेला पत्ता आणि त्यावर आली प्लॉटिंगची जाहिरात. सापडून काय केलं? काही नाही. जिमपण सोडली होती.

तिसरं, फोनवर सांगायचं झालं तर प्लस विसरच.

शिरोली_परचेस

मी तुमच्या पलीकडच्या टेबलावरचा, परचेसला आहे, सप्लायरला ड्रॉइंग आणि पीओ पाठवणारा. म्हणून जरा आमच्या बाजूनं ऐका.

लेथवाले साहेब, २५ कस्टमरना 'आमचा ई-मेल बदलला, यापुढं इकडं पाठवा' असा मेल कृपा करून टाकू नका. तुमचा पत्ता आमच्या सिस्टीममध्ये व्हेंडर मास्टरला, म्हणजे सप्लायरच्या यादीत, बसलाय, पीओ तिथनं आपोआप जातो, माणूस टाइप करत नाही. तो बदलायचा तर आमच्याकडं लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट अर्ज लागतो आणि त्यावर आम्ही जुन्या नंबरवर फोन करून खात्री करतो. का तर फसवणूक करणारे अगदी असाच मेल टाकतात. आधी पत्ता बदलला म्हणतात, मिळताजुळता पत्ता, एक अक्षर इकडचं तिकडं, मग आठवड्यानं 'बँक खातं पण बदललंय' म्हणून दुसरा मेल. पेमेंट गेलं की गेलं. त्यामुळं पत्ता बदललाचा मेल आला की अकौंट्सवाले आधी दचकतात.

आणि गरज काय आहे? जे आधीपासून पाठवतायत त्यांच्यासाठी अलायस लागतच नाही. वर सांगितलेला फिल्टर 'टू' वर न लावता 'फ्रॉम' वर लावा. कंपनीच्या डोमेनचं नाव टाकायचं, अ‍ॅटपासून पुढचं, म्हणजे परचेसमधला माणूस बदलला तरी फिल्टर चालू राहतो. मी गेलो दुसरा आला, डोमेन तेच. २५ कस्टमर म्हणजे जास्तीत जास्त २५ डोमेन, एकाच फिल्टरमध्ये मधी 'ऑर' टाकत सगळी बसतील. एखादा छोटा कस्टमर जीमेलवरनंच पाठवत असेल तर त्याचा पूर्ण पत्ता टाका, नुसतं जीमेल डॉट कॉम टाकलंत तर अख्खं गाव आत येईल.

अजून एक, हे अलायसचं नाही तरी सांगतो. मशीनला चिकटवलेल्या प्रिंटवर रिव्हिजनचं अक्षर आणि तारीख लाल पेनानं मोठं लिहा आणि नवीन लावताना जुनी फाडा. ४० नग ई-मेलनं गेले असं तुम्ही म्हणताय, अर्धे त्या पिवळ्या कागदानं गेलेत. रागावू नका.

उद्यमनगरचा_लेथवाला

रागावत कशाला, खरं आहे. प्रिंट काल फाडली.

म्हणजे मी उलटंच समजत होतो. मला वाटलं फालतू मेल बाजूला काढायचे. तुम्ही म्हणताय महत्त्वाचे बाजूला काढ, फालतू पडूदे तिथंच.

शिरोली_परचेस

व्हय. फालतू रोज नवीन जन्माला येतं, किती फिल्टर लावाल. तुमचे कस्टमर २५ च.

शाहूपुरी_टॅक्सवाला

जीएसटीवाल्या विषयात हात घालण्याआधी थांबा. रजिस्ट्रेशनला ऑथोराइज्ड सिग्नेटरीचा (सहीचा अधिकार असलेल्याचा) जो ई-मेल आणि मोबाइल दिलेला असतो त्यावर ओटीपी येतात. तिथं प्लस, नवीन प्रयोग काही नको. जो साधा सरळ पत्ता आहे तोच राहूदे आणि त्या मेलवर फिल्टर 'फ्रॉम' नंच लावा. जीएसटी डॉट गव्ह डॉट इन आणि इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन, लेबल एकच, 'सरकारी'. इन्कम टॅक्सच्या सूचना पण नोंदवलेल्या ई-मेलवर येतात आणि त्याला उत्तर द्यायची मुदत असते, 'बघितलं नाही' हे कारण तिथं कोण ऐकत नाही. फिल्टर लावताना पोर्टलवरनं आलेला जुना मेल उघडून पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षरन्‌अक्षर बघा, हुबेहूब सरकारी वाटणारे खोटे मेल पण येतात, 'रिफंड मंजूर' वगैरे.

एक आधी बघा, तिथं तुमचाच ई-मेल आहे ना? खूप जणांचा रजिस्ट्रेशन करून देणाऱ्याचा असतो. माझ्याकडं एक क्लायंट आलेले, आधीच्या माणसाशी वाजलं, तर ओटीपी त्या माणसाच्या मेलवर. चार दिवस मिनतवाऱ्या केल्या. एवढं सोडून बाकी तुमचं चालूदे.

फुलेवाडी_एक्सप्रेस

ऑफरींचं मी सांगतो. (हो, मुलगी आहे, कोल्हापूरची आहे, 'सांगतो'च म्हणणार.)

दादा, प्लसनं पत्ता लपत नाही हे वर आलंच. ज्याला खरा पत्ता द्यायचाच नाही त्याच्यासाठी वेगळा प्रकार असतो, मुखवटा म्हणूया. एखादी सेवा तुम्हाला काहीतरी अगम्य पत्ता बनवून देते, त्यावर आलेला मेल ती तुमच्या खऱ्या पत्त्यावर ढकलते. वैताग आला की तो मुखवटा बंद करायचा, समोरच्याचे मेल हवेत जातात, तुमचा खरा पत्ता त्याला कधी कळलेलाच नसतो. डकडकगोचं फुकट आहे, डक डॉट कॉमचा पत्ता मिळतो आणि मेल उघडला का नाही हे चोरून बघणारे ट्रॅकर पण ते काढून टाकतात. फायरफॉक्स रिले फुकटात ५ मुखवटे देतं. सिंपललॉगिन १० देतं, ती २०२२ पासून प्रोटॉन मेलवाल्यांकडं आहे. आयफोन असेल तर 'हाइड माय ई-मेल' आहे, पण आयक्लाउडचा पैसेवाला प्लॅन घेतला तर. मी डकडकगोचं वापरतो, प्रदर्शन, मॉलमधलं वायफाय, 'पीडीएफ डाउनलोड करायला ई-मेल द्या' असल्या सगळ्यांना तो फासतो.

पण बँक, आधार, विमा, कस्टमर असल्या ठिकाणी मुखवटा अजिबात नको. मधल्या सेवेनं उद्या दुकान बंद केलं तर तुमचा मेल येणारच नाही आणि पासवर्ड विसरला तर तो बदलायची लिंकपण त्याच पत्त्यावर जाणार, म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावल्यासारखं. ओटीपीपण कधीकधी रेंगाळतो. माझं साधं गणित असं आहे की ज्याचा मेल उद्या बंद झाला तर मी पार्टी करीन त्याला मुखवटा, ज्याचा बंद झाला तर मी रडीन त्याला खरा पत्ता, मधल्यांना प्लस.

तुमच्या त्या प्रदर्शनवाल्या पंधरा जणांना आता मुखवटा लावून उपयोग नाही, त्यांच्याकडं खरा पत्ता गेला. त्यांचं अनसबस्क्राइब करा, जीमेलमध्ये मेलच्या वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळच ते बटण येतं. बटण नसेल आणि माणूस ओळखीचा नसेल तर मेलमधल्या लिंका दाबू नका, सरळ स्पॅम करा.

उद्यमनगरचा_लेथवाला

ताई लई भारी समजावलंस, कपाटाचं बायकोला वाचून दाखवलं, म्हणाली हे तुम्ही गेल्या दिवाळीत केलंय.

अजून दोन शंका. प्लस ड्रॉइंगवर आलेल्या मेलला मी रिप्लाय दिला तर समोरच्याला कुठला पत्ता दिसतो? आणि आमच्याकडं ऑफिसला एक मॅडम आहेत, ड्रॉइंग त्यांनी पण बघावी अशी इच्छा आहे पण बँकेचं स्टेटमेंट त्यांना दिसायला नको. ड्रॉइंगचा अलायस त्यांना देता येतो का?

बिंदूचौक_नेटवर्क

रिप्लाय जातो मूळ पत्त्यावरनं. तुला प्लसवरनंच पाठवायचा असेल तर सेटिंगमध्ये 'अकौंट्स अँड इम्पोर्ट' मध्ये 'सेंड मेल अ‍ॅज' आहे, तिथं प्लसवाला पत्ता जोड, मग ज्या पत्त्यावर आला त्याच पत्त्यावरनं उत्तर द्यायचं असा पर्याय येतो. तुझ्या धंद्यात काही गरज नाही, मूळ पत्ता दिसला तर बिघडलं कुठं.

दुसऱ्याचं उत्तर नाही असं आहे. अलायसला वेगळं कुलूप नसतंय. पाटी दोन असल्या तरी दार एकच, किल्ली दिली की सगळं घर दिसतं. जीमेलमध्ये दुसऱ्याला डेलिगेट करायची सोय आहे, पासवर्ड न देता, पण तीसुद्धा अख्ख्या पेटीची. तुझ्यासाठी सोपं म्हणजे ड्रॉइंगच्या फिल्टरमध्येच 'फॉरवर्ड इट टू' वर टिक करून मॅडमचा पत्ता टाकायचा. आधी सेटिंगमध्ये तो पत्ता जोडावा लागतो, त्यांच्याकडं कोड जातो तो टाकायचा. फॉरवर्ड फिल्टर लावल्यापासनं पुढच्या मेललाच होतं, जुने जात नाहीत.

गोशिमा_रोड_आयटी

उशिरा आलो. एवढं सगळं करताय तर स्वतःचं डोमेन का घेत नाही? दुकानाच्या नावाचं. मग सेल्स अ‍ॅट, अकौंट्स अ‍ॅट, ड्रॉइंग अ‍ॅट असे खरेखुरे अलायस मिळतात, प्लसबिलस नाही, फोनवर सांगायला सोपे, कार्डावर पण शोभतात. पेटी एकच ठेवता येते. गूगल वर्कस्पेसला एका माणसाचे पैसे भरले की त्याच्या नावावर ३० पर्यंत अलायस जादा पैसे न देता निघतात. झोहो आपल्या चेन्नईची, तिथंही अलायसची सोय आहे. आणि उद्या मॅडमना वेगळी पेटी द्यायची झाली तर अकौंट्सचा अलायस तुमच्याकडनं काढून त्यांच्या पेटीला लावायचा, कस्टमरला पत्ताच लागत नाही काय झालं ते.

दोन गोष्टी सांभाळायच्या. डोमेन घेतल्यावर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी करून घ्या, मेल खरंच तुमच्याकडनंच आलाय हे त्यावरून तपासतात, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला पाठवणाऱ्या प्रत्येकाकडं दोन्हीतलं एक तरी लागतं, नाहीतर तुमची कोटेशन स्पॅमला जाऊन बसतील आणि तुम्ही म्हणाल मंदी आहे. आणि कॅच-ऑल चालू करू नका. म्हणजे अ‍ॅटच्या डावीकडं कुणी काहीही लिहिलं तरी आत घ्यायचं. ऐकायला बरं वाटतं, पण स्पॅमवाले राजेश अ‍ॅट, सुरेश अ‍ॅट, अ‍ॅडमिन अ‍ॅट असं अंदाजानं मारत सुटतात आणि सगळं तुमच्याच दारात.

आणि हो, दरवर्षी रिन्यू करायचं विसरलात तर सगळं एकदम बंद.

राजारामपुरी_११वी_गल्ली

म्हणजे पाटी परत रंगवायची. बाबांना कोण सांगणार?

उद्यमनगरचा_लेथवाला

महिना झाला, काय केलं ते सांगतो, सगळ्यांनी एवढं लिहिलंय तर.

डोमेन नाही घेतलं. बाबा. दिवाळीनंतर बघू म्हणाले, म्हणजे नाहीच.

एका रविवारी सकाळी मिसळ आणून भाच्याला बसवला. कस्टमरचा फिल्टर आधी केला, 'फ्रॉम' वर, मोजले तर कस्टमर २५ नाहीतच, चालू १७. लेबल 'ड्रॉइंग-पीओ'. मग 'सरकारी'. जीएसटीवर ई-मेल आमचाच निघाला, मोबाइल मात्र बाबांचा जुना, तो बदलायला दिलाय. नवीन इन्सर्टवाले, ट्रान्सपोर्टवाले यांना प्लस सप्लाय. शाळेला प्लस शाळा द्यायला गेलो तर त्यांच्या अ‍ॅपनं घेतला नाही, तिथं 'फ्रॉम' लावला. मुखवटा एकच काढलाय, बायकोला दिलाय, ती आता सगळीकडं तोच देते आणि वर मलाच शिकवते की असं करायचं असतं.

गोंधळ पण झाले. भाच्यानं हुशारीनं ड्रॉइंगच्या फिल्टरला 'स्किप द इनबॉक्स' वर टिक केलेली, म्हणाला मामा स्वच्छ दिसेल. स्वच्छ दिसलं. दीड दिवस मोबाइल वाजलाच नाही, मला वाटलं आज काम नाही, आणि लेबलमध्ये दोन पीओ बसलेले. म्हणजे पुन्हा तोच खड्डा, फक्त नाव लावून. ती टिक काढली, फक्त ऑफरींच्या फिल्टरला ठेवली. मग अँड्रॉइडच्या जीमेल अ‍ॅपमध्ये सेटिंगला 'मॅनेज लेबल्स' आहे, तिथं ड्रॉइंग-पीओ लेबलचं आधी सिंक चालू केलं, त्याशिवाय पुढचं उघडत नाही, आणि त्याला वेगळा आवाज लावला. सायकलच्या घंटीचा. बाकीच्या मेलचा आवाज बंद. आता शॉपमध्ये घंटी वाजली की ऑपरेटर पण मान वर करून बघतोय.

फोनवर प्लस सांगू नको म्हणाला होता राजारामपुरीवाले, तरी सांगितला. एका ट्रान्सपोर्टवाल्यानं पी एल यू एस असं अक्षरात लिहिलं. तो पत्ता दुनियेत कुणाचा आहे देव जाणे, बिल्टी त्याला गेली.

न वाचलेले १८,४०० तसेच आहेत. मार्क अ‍ॅज रीड केलं नाही, हात होत नाही.

आणि परवा दुपारी पावणेतीनला घंटी वाजली. त्याच कस्टमरचा मेल, तोच फ्लँज, रिव्हिजन सी. बोअर परत ५२ केलाय त्यांनी. ते ४० नग अजून मशीनमागं पोत्यात आहेत, भंगारात घातले नव्हते. मी धावत जाऊन पोतं उघडलं, बाबांना हाक मारली, ते पण आले चष्मा पुसत.

शिरोली_परचेस

ड्रॉइंग पूर्ण वाचलंत का? बोअर मागं घेतला म्हणजे बाकीचं पण तेच राहिलं असं नसतं.

उद्यमनगरचा_लेथवाला

वाचलं. म्हणजे बाबांनी वाचलं. पीसीडीवर, म्हणजे बोल्टच्या होलांच्या वर्तुळावर, ४ होल होते ते आता ६ आहेत. ९० अंशाचे ६० वर कसे आणणार. पोतं परत बांधलं.